झाकणाच्या आतली बाजू

देऊळघाटच्या फकीर मोहम्मद यांनी नवी तार गुंडाळून भरलेली मोटार ओळखायची एक खूण आहे. वायरी जोडतात त्या टर्मिनलचं झाकण काढायचं आणि उलटं करून पाहायचं. आतल्या बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटनं तारेचा गेज, फेऱ्यांचा आकडा, जोडणीची छोटी आकृती आणि खाली महिना-साल लिहिलेलं असतं. अक्षर वाकडंतिकडं आहे, पण वाचता येतं. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती उचलून जवळच्या मिस्तरीकडे नेतो. पीक सुकत असतं, त्या वेळी मिस्तरी कोण हे कोणी पाहत नाही. तो मिस्तरी झाकण उघडतो आणि त्याचं अर्धं काम तिथंच झालेलं असतं. जळालेलं वाइंडिंग कापून फेरे मोजत बसावं लागत नाही.

या धंद्यात असं सहसा कोणी करत नाही. फेऱ्यांचा हिशेब ही मिस्तरीची पुंजी असते. चिखलीचा एक वाइंडिंगवाला त्यांच्या दुकानात येऊन एकदा म्हणाला होता, "चाचा, तुम्ही तं गिऱ्हाईक उचलून आमच्या हातात देऊन राह्यले. झाकणावर सोताचा फोन नंबर तरी लिहा."

"नंबर लिहून काय करू बे?" फकीर मोहम्मद म्हणाले होते. "मी कब्रस्तानात गेल्यावर तो फोन कोन उचलन?"

त्यांची धाकटी मुलगी हीना हे बोलणं ऐकत होती. तेव्हा ती संगणकाच्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होती आणि वडिलांच्या धंद्याशी आपला काही संबंध राहिलेला नाही असं तिला मनापासून वाटत होतं.

डिप्लोमा झाल्यावर तिला चिखलीच्या एका ट्रस्टच्या रक्तपेढीत काम मिळालं. देऊळघाटहून बुलढाणा, बुलढाण्याहून एसटीनं चिखली. रक्तपेढीतली संगणकाची खोली तेव्हा संघर्ष नावाच्या तरुणाच्या हाताखाली होती. चिखलीचाच, शांत, कामाला वाघ. एका बँकेनं मोडीत काढलेले तीन सर्व्हर त्यानं आणले होते आणि त्यांच्यावर रक्तपेढीचा स्वतःचा क्लाउड उभा केला होता.

क्लाउड म्हणजे प्रत्यक्षात कुठल्या तरी शहरातल्या थंड खोलीत रचलेली पुष्कळ यंत्रं, आणि ती सगळी मिळून एकच मोठं यंत्र आहे असं त्यांना वागायला लावणारी आज्ञावली. मोठ्या कंपन्यांच्या आज्ञावल्या बंद असतात; आपण जागा भाड्यानं घ्यायची, आत काय चालतं ते विचारायचं नाही. पण तेच काम करणाऱ्या खुल्या आज्ञावल्याही आहेत. ओपनस्टॅक हे त्यातलं मोठं नाव, शिवाय लहान संस्थांना पेलतील अशा इतर काही. देशोदेशीच्या माणसांनी मिळून त्या लिहिल्या आहेत. त्यांची ओळ न् ओळ कोणालाही वाचता येते, उतरवून घेता येते, आपल्या गरजेपुरती बदलता येते. संघर्षनं अशीच एक आज्ञावली घेतली होती. प्रत्येक नोंद तिन्ही सर्व्हरवर राहायची. एक बंद पडला तरी उरलेले दोन काम ओढून नेत.

हीना लागल्यावर काही महिन्यांतच संघर्षला पुण्यात चांगली नोकरी मिळाली. जाताना तो तिला म्हणाला, "चालू आहे तोवर हात लावू नको. काही झालं तर फोन कर."

त्याच वर्षी खांडेनवमीला ते झालं. त्या दिवशी अवजारांची पूजा असते आणि पुजलेलं अवजार दिवसभर चालवायचं नसतं. रक्तपेढीतला अटेंडंट गणेश पापभीरू माणूस. त्यानं खोली पुसून काढली, तिन्ही सर्व्हर बटण दाबून बंद केले, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि नारळ फोडला. हीना सुट्टीवर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व्हर चालू केले. दिवे लागले, पंखे फिरले, पण नोंदी उघडेनात. तिन्ही यंत्रं एकमेकांची वाट पाहत होती. सगळं एकदम बंद झाल्यावर सर्वांत ताज्या नोंदी कोणाजवळ आहेत हे त्यांना ठरवता येत नव्हतं. जे यंत्र शेवटी बंद होतं त्याच्याजवळ त्या असतात, म्हणून आधी तेच चालू करावं लागतं.

"शेवटी कोणतं बंद झालं?" संघर्षनं फोनवर विचारलं.

हीनानं गणेशकडे पाहिलं.

"मी तं फुलं वाहून राह्यलो होतो, ताई," गणेश म्हणाला. "पहिलं कोन अन् शेवटचं कोन, हे देवालेच माहीत."

"ते शोधायची एक जागा आहे," संघर्ष म्हणाला. "फोनवर नाही जमायचं. मी रविवारी येतो."

रविवारी तो आला आणि चहा निवायच्या आत त्यानं सगळं सुरू केलं. पण मधल्या दिवसांत अदीबाला रक्त देऊन झालं होतं.

अदीबा ही हीनाच्याच गल्लीतली कॉलेजात जाणारी मुलगी. तिला थॅलेसेमिया आहे. लहानपणापासून ठरावीक दिवसांनी रक्त घ्यावं लागतं. अशा माणसाचं शरीर कधी कधी परक्या रक्तातल्या एखाद्या घटकावर चिडतं. गट जुळत असतो तरीही. ती चीड काही महिन्यांनी तपासणीत दिसेनाशी होते, पण शरीर ती विसरत नाही. तसलंच रक्त पुन्हा गेलं की ती उसळते. म्हणून अशा रुग्णाच्या बाबतीत आजच्या तपासणीपेक्षा जुनी नोंद मोलाची असते. अदीबाच्या नोंदीत कित्येक वर्षांपूर्वीची तशी एक ओळ होती. ती बंद पडलेल्या यंत्रांत होती. कागदी रजिस्टरं होती, पण ती पिशवीच्या नंबरानं लावलेली. माणसाच्या नावावरून त्यांत काही शोधणं म्हणजे गोदाम उपसणं. त्या दिवशीची तपासणी स्वच्छ आली. डॉक्टर नवे होते. रक्त दिलं गेलं.

आठवडाभरानं अदीबाचे डोळे पिवळे झाले, लघवी कोऱ्या चहासारखी होऊ लागली. तिला अकोल्याला हलवलं. ती वाचली, पण मूत्रपिंड पहिल्यासारखं राहिलं नाही. परत आल्यावर बसथांब्यावर हीना भेटली तेव्हा ती हसून म्हणाली, "आपा, त्योहार तुम्हारी मशीन का, और रोजा मेरे को पड़ा."



ट्रस्टनं निर्णय घेतला. मोडीतली यंत्रं नकोत, खोलीला कुलूप घाला. सगळ्या नोंदी बाहेरच्या एका कंपनीच्या क्लाउडवर गेल्या. संघर्षनं कोणावर दोष ढकलला नाही. "लिहून ठेवायचं राहून गेलं," एवढंच तो म्हणाला. ज्या आज्ञावलीची ओळ न् ओळ जगासमोर उघडी होती, तिची चिखलीतली मांडणी मात्र एका माणसाच्या डोक्यात बंद राहिली होती.

कंपनीचं काम काही वर्षं ठीक चाललं. मग ती कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीनं विकत घेतली आणि ईमेल आला: जुनी सेवा वर्षअखेर बंद होईल, ग्राहकांनी नव्या व्यवस्थेत यावं. हीनानं खात्री करण्यासाठी काही नोंदी नव्या व्यवस्थेत घालून पाहिल्या. सगळ्यांत आधी अदीबाचं नाव उघडलं. नाव, वय, गट, शेवटच्या तपासण्या, सगळं होतं. ती जुनी ओळ नव्हती. दुसरे रुग्ण उघडले, त्यांच्याही जुन्या ओळी नव्हत्या. तिनं कंपनीला कळवलं. उत्तर सभ्य होतं: त्या स्वरूपाचा जुना तपशील नव्या रचनेत समाविष्ट नाही, आपली विनंती नोंदवून घेतली आहे. आत डोकावून ती ओळ कुठं गळते हे पाहण्याची सोय नव्हती. ते झाकण उघडण्यासाठी बनवलेलंच नव्हतं.

जुन्या कंपनीनं नोंदींची पूर्ण प्रत तेवढी दिली. हीना ती घेऊन ट्रस्टच्या बैठकीत गेली. नोंदी परत आपल्या यंत्रांवर, खुल्या आज्ञावलीवर घ्याव्यात, असं तिचं म्हणणं होतं. अध्यक्ष हिंमतराव हे चिखलीतले कापसाचे जुने व्यापारी. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"फुकट भेटते ना हे?"

"खुलं आहे, साहेब. फुकट नाही. यंत्रं लागतात, वीज लागते, माणूस लागतो."

"अन् बिघडलं तं फोन कोनाले कराचा?"

"बांधील असा कोणीच नाही," ती म्हणाली. "तेच वापरणारे लोक जगभर आहेत. अडचण विचारली तर सांगतात, बऱ्याचदा त्याच दिवशी. पण सांगितलंच पाहिजे असं त्यांच्यावर बंधन नाही."

"म्हंजे बिनमालकाचं."

"कंपनीला मालक होता, साहेब. त्यानंच विकली. हे कोणाला विकता येत नाही, आणि आपल्या खालून कोणाला काढून घेता येत नाही. आज नोंद गळाली तर कुठं गळाली ते मी उघडून पाहू शकते. तिकडं मला तेवढंही करता येत नाही."

बैठकीत कोणीतरी हसलं. हिंमतराव हसले नाहीत.

"संघर्षचं बी हेच होतं, पोरी. हुशार होता तो, मी नाही कुठं म्हनतो? पन तो गेला अन् मागं काय झालं ते तुह्या गल्लीतल्या पोरीले माहीत. उद्या तुहं लग्न होईन, तू जाशीन. मंग?" त्यांनी सुपारी तोंडात टाकली. "एक कर. तू नसतानी, तुले फोन न करता, दुसऱ्यानं कोनी हे चालवून दाखवलं तं मी सही करतो. नाहीतं कंपनीत जाऊ. ओळ गळते तं गळू दे, तिथं निदान कोनाचं तरी नाव धरता येते."

प्रश्न रास्त होता, आणि हीनाला तो टाळता येत नव्हता. वर्षअखेरीच्या आत हे सिद्ध झालं नाही तर जुन्या ओळी त्या प्रतीतच पडून राहणार होत्या, रुग्णाचं नाव उघडल्यावर दिसणार नव्हत्या. अदीबाची ओळ आता सगळ्यांना तोंडपाठ होती. बाकीच्यांच्या कोणालाच आठवत नव्हत्या.

तिनं कुलूप उघडलं, ट्रस्टनं मोडीतून घेऊन दिलेले तीन बरे सर्व्हर लावले, आज्ञावलीची नवी आवृत्ती बसवली. मग एक जाडजूड फाइल तयार केली: प्रत्येक बिघाड, त्यावरची प्रत्येक आज्ञा. चाचणीसाठी हिंमतरावांनी सुवर्णा यांची निवड केली. सुवर्णा रक्तपेढीतल्या जुन्या तंत्रज्ञ. रक्त जुळवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण संगणकाशी संबंध नोंद भरण्यापुरता. हीनाला बाहेर लिंबाखालच्या बाकावर बसवलं. हिंमतरावांनी एका सर्व्हरची वायर स्वतः उपटली.

बऱ्याच वेळानं सुवर्णा फाइल घेऊन बाहेर आल्या आणि ती त्यांनी हीनाच्या मांडीवर ठेवली.

"हे वाचाले बी तूच लागतं," त्या म्हणाल्या.

"कुठं अडलं, ताई?"

"पहिल्याच पानावर. सारं इंग्रजी. अन् तू लिहून राह्यली, 'नेहमीप्रमाणे लॉगिन करा'. तुहं नेहमीचं मले काय माहीत?"

हिंमतराव पायरीवर उभे होते. "आनखी एक डाव देतो," ते म्हणाले आणि गाडीत बसले.

घरी फकीर मोहम्मद खाटेवर असत. छातीनं त्यांना दुकानापर्यंत जाऊ देणं बंद केलं होतं. त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहून विचारलं. तिनं सांगितलं.

"फाइल रखी कहाँ थी?"

"अलमारी में."

"मोटर जलने पर अलमारी कौन खोलता है, बेटा?" ते म्हणाले आणि कुशीवर वळले.

दुसऱ्या दिवशी तिनं सर्व्हरच्या लोखंडी कपाटाचं दार आतून पांढरं रंगवलं आणि सुवर्णांना शेजारी बसवलं. एकेक वाक्य ती वाचून दाखवायची. सुवर्णा जिथं "म्हंजे?" म्हणतील तो शब्द जायचा आणि त्यांचा शब्द यायचा. वरच्या, मधल्या आणि खालच्या यंत्रावर रंगाचे पट्टे मारले. जिथं लांबलचक आज्ञा द्याव्या लागत तिथं हीनानं त्या एका बटणामागे बांधून टाकल्या. ते तिला करता आलं, कारण आज्ञावली उघडी होती. दारावरचा मजकूर लहान ब्रशनं काळ्या रंगात लिहिला: बॅटरीची शिट्टी वाजली तर काय, एक दिवा विझला तर काय, तिन्ही विझले तर काय. गणेशनं हट्टानं सगळ्यांत वर स्वतःची ओळ लिहवून घेतली: 'खांडेनवमीले पूजा करा. बंद करू नका.'

दुसऱ्या चाचणीत हिंमतरावांनी पुन्हा वायर उपटली. सुवर्णांनी दार उघडलं, वाचलं, केलं. रक्तपेढीच्या खिडकीवर उभ्या असलेल्या माणसांना काही कळलंही नाही. हिंमतरावांनी दाराची आतली बाजू वरपासून खालपर्यंत वाचली आणि सही केली.

नोंदी नव्या यंत्रांवर आल्या, जुन्या ओळींसकट. नव्या मांडणीत त्या ओळी उतरवताना एक बारीक अडचण आली होती. तिचा उपाय हीनाला सापडला तेव्हा तिनं तो त्या आज्ञावलीच्या जगभरच्या मंडळींना लिहून पाठवला. कुणा अनोळखी माणसानं तो तपासला, एक शब्द सुधारला आणि सगळ्यांसाठी लावून घेतला.

वर्ष सरता सरता फकीर मोहम्मद गेले. पहाटे गेले, दुपारी जोहरच्या नमाजनंतर जनाजा उठला. हिंमतराव चिखलीहून आले होते, गल्लीच्या तोंडाशी चपला काढून उभे राहिले. आसपासच्या गावांतले मिस्तरी आले होते. झाकणावर फोन नंबर लिहायला सांगणारा तो वाइंडिंगवाला खांदा द्यायला होता. हीना बायकांत, आत. तिचा फोन कपाटात, बंद.

दुसऱ्या दिवशी रक्तपेढीत काय झालं, ते सुवर्णांनी तिला नंतर सांगितलं. सकाळीच वीज गेली. बॅटरीची शिट्टी वाजली. सुवर्णांनी कपाटाचं दार उघडलं आणि पहिली ओळ वाचून गणेशला जनरेटरकडे पिटाळलं. जनरेटर सुरू होईना. तीन यंत्रांना तीन वेगळ्या बॅटऱ्या. सुवर्णा समोर उभ्या होत्या आणि दिवे एकामागून एक विझले.

त्याच वेळी संग्रामपूरकडची कलाबाई नावाची बाई ऑपरेशनसाठी शेजारच्या दवाखान्यात होती आणि तिच्यासाठी रक्त मागवलेलं होतं. तिला इथं कोणी ओळखत नव्हतं. तपासणी स्वच्छ होती, पिशवी तयार होती. डॉक्टर म्हणाले, "जुळतंय ना? मग द्या."

"तिची जुनी नोंद पाह्यल्याबिगर पिशवी हातातून सोडत नाई," सुवर्णा म्हणाल्या.

"नोंद आहे कुठं? सगळं बंद आहे. हीनाला फोन करा."

"तिच्या घरी मय्यत झाली, डॉक्टर. तिले फोन नाई कराचा."

डॉक्टरांनी ऑपरेशन थोडं पुढं ढकललं. थोडंच ढकलता येण्यासारखं होतं. वीज आली तशा सुवर्णा दारासमोर बसल्या. लिहिलं होतं: 'तिन्ही बंद झाले तर जे शेवटी बंद झालं ते आधी चालू करा, म्हणजे वरचं.' त्यांनी वरच्या यंत्राच्या बटणाकडे हात नेला आणि थांबल्या. शेवटचा दिवा वरच्याचा विझला नव्हता, मधल्याचा विझला होता. तो त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. हीनानं जेव्हा जेव्हा सराव केला होता तेव्हा तिनं स्वतःच्या सवयीनं वरचं यंत्र शेवटी बंद केलं होतं आणि ती सवय नियमात लिहिली गेली होती.

गणेश म्हणाला, "ताई, लिवलं हाय तसं करा. मागल्या खेपी माह्या हातानं झालं ते पुरं हाय."

"लिवनाऱ्यानं पाह्यलं नव्हतं, गणेश. मी पाह्यलं."

त्यांनी मधलं आधी चालू केलं. ते उठेपर्यंत थांबल्या. मग बाकीची दोन. नोंदी उघडल्या. कलाबाई कधी काळी बाळंतपणात इथूनच रक्त घेऊन गेली होती आणि तिच्या नावापुढं एक जुनी ओळ होती. तयार पिशवी सुवर्णांनी परत फ्रिजमध्ये ठेवली आणि तो घटक नसलेली दुसरी पिशवी शोधून जुळवली.

तिसऱ्या दिवसाची जियारत झाली, आठवडा उलटला, मग हीना कामावर आली. सगळं नेहमीसारखं चाललं होतं. तिनं कपाटाचं दार उघडलं. 'म्हणजे वरचं' हे दोन शब्द निळ्या पेननं खोडलेले होते आणि शेजारी तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: 'दिवा शेवटी कोनाचा इझला ते उभं राहून पाहा. या खेपी मधल्याचा.'

सुवर्णा मागं येऊन उभ्या राहिल्या. "चुकलं होतं, म्हनून खोडलं. तुह्या दुःखात सांगाले नाई आली."

"बाई कशी आहे?"

"गेली गावाले. कालच."

हीनानं मान हलवली. दुपारी तिनं रंगाचा डबा उघडला. आपले खोडलेले शब्द पांढऱ्यानं पुसून काढले आणि सुवर्णांचं वाक्य, त्यांचा एकही शब्द न बदलता, काळ्या रंगात पक्कं केलं. खाली महिना आणि साल घातलं. रंग वाळेपर्यंत दार उघडं ठेवलं.